तपासणी झाली, चिठ्ठी मिळाली. पुढे मुलाला दवाखान्यात कोणी न्यायचे?

प्रश्न : तिसरीतील मुलीची आई

सर्वांना सविनय नमस्कार.

मी मराठवाड्यातील एका लहान गावात राहते. आमच्या जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेत पहिली ते चौथीचे वर्ग आहेत, पट ५८ आहे आणि शिक्षक दोन आहेत. गेल्या जूनमध्ये पालकसभेत माझी शाळा व्यवस्थापन समितीवर निवड झाली. आमच्या बैठकीत वर्गखोलीचे गळके पत्रे, संरक्षक भिंत आणि पोषण आहाराचा तांदूळ हेच विषय बहुधा निघतात. मुलांच्या आरोग्याचा विषय मी मांडला, तेव्हा ‘आरोग्य तपासणी तर दरवर्षी होते’ असे उत्तर मिळाले, आणि ते खरेही होते. डिसेंबरमध्येच आरोग्य पथकाची गाडी शाळेत येऊन गेली होती. म्हणून मी मुख्याध्यापकांकडे त्या तपासणीचे कागद पाहायला मागितले. त्यांनी कोणतेही आढेवेढे न घेता कपाटातून फाइल काढून माझ्यासमोर ठेवली.

तपासणीच्या दिवशी ४९ मुले हजर होती. उरलेल्या ९ जणांपैकी बहुतेक मुले आईवडिलांबरोबर ऊसतोडणीला गेलेली होती. तपासलेल्या मुलांपैकी ११ जणांना पुढील तपासणीसाठी चिठ्ठी दिलेली होती : चौघांना दातांसाठी, तिघांना डोळ्यांसाठी, दोघांना वाहत्या कानासाठी, एका मुलीला हृदयाच्या तपासणीसाठी आणि एका मुलाला वजन फार कमी असल्यामुळे. मी एकेका घरी जाऊन विचारले. तीनच मुले दवाखान्यात जाऊन आली होती. उरलेल्या आठ जणांच्या चिठ्ठ्या कोठे दप्तरात चुरगळून पडल्या होत्या, कोठे पावसाळ्यासाठी रचलेल्या सरपणाशेजारच्या कोनाड्यात होत्या. हृदयाची तपासणी सांगितलेली मुलगी पहिलीत आहे. तिचे आईवडील कारखान्याच्या फडावर आहेत आणि ती आजीजवळ राहते. आजीने ती चिठ्ठी रेशनकार्डाच्या प्लास्टिकच्या पिशवीत घडी करून जपून ठेवली होती. त्यांना वाचता येत नाही. सरकारी कागद आहे, हरवू नये, एवढेच त्यांना समजले होते.

डोळ्यांची चिठ्ठी मिळालेला एक मुलगा माझ्या मुलीच्याच वर्गात आहे. तो उंच असल्यामुळे शेवटच्या ओळीत बसतो. फळ्यावरचे लिहून घेत नाही, लक्ष देत नाही, अशी त्याच्याबद्दल दोन वर्षे तक्रार होती. मी त्याला फळ्याजवळ उभे करून वाचायला सांगितले, तेव्हा त्याने धडा न अडखळता वाचून दाखवला. त्या दिवसापासून मला चैन पडत नाही.

माझे प्रश्न असे आहेत. चिठ्ठी दिल्यानंतर मुलाला पुढे नेण्याची जबाबदारी नेमकी कोणाची असते : पथकाची, शाळेची, आशाताईंची की पालकांची? शाळा व्यवस्थापन समितीला यात काही करता येते का, की आम्ही अधिकाराबाहेर जात आहोत असे कोणी म्हणेल? अकरा चिठ्ठ्यांमध्ये आधी कोणाकडे लक्ष द्यावे? आणि शेवटचा प्रश्न असा की, दर आठवड्याला मिळणारी गुलाबी गोळी आमच्या शाळेतील बरीच मुले शाळेमागे टाकून देतात, तिने मळमळते असे सांगतात. त्याबाबत काय करावे? अनुभवी मंडळींनी कृपया सविस्तर लिहावे.

उत्तर १ : निवृत्त मुख्याध्यापक

ताई, आपला प्रश्न वाचून मी बराच वेळ स्वस्थ बसलो, कारण ३४ वर्षांच्या नोकरीतील निम्मा काळ मीही त्या चिठ्ठ्या फाइलमध्येच लावत आलो. पथक आले की मुलांना रांगेत उभे करायचे, वजन आणि उंची लिहून घ्यायला मदत करायची, पथक गेले की कागद लावून ठेवायचे आणि वरिष्ठांना ‘तपासणी पूर्ण’ असे कळवायचे, हीच रीत होती. त्यात कोणी कामचुकारपणा करत होते असे मी म्हणणार नाही. ज्या कागदाचा हिशेब मागितला जात होता तो आम्ही देत होतो. मुलगा दवाखान्यात पोहोचला की नाही, हे मात्र कोणीच विचारत नव्हते.

माझे डोळे एका मुलीमुळे उघडले. दुसरीपासून तिचा कान वाहत असे आणि तीन वर्षे दरवर्षी तिला चिठ्ठी मिळत होती. चौथीत ती शिष्यवृत्तीच्या तयारीच्या वर्गात बसू लागली, तेव्हा मी तोंडी सांगितलेली गणिते तिची चुकत आणि फळ्यावर लिहिलेली बरोबर येत. तिला एका कानाने जवळजवळ ऐकू येत नव्हते. तीन चिठ्ठ्या माझ्याच कपाटात होत्या. त्या मुलीची मी पुढे क्षमा मागितली, परंतु तिची तीन वर्षे मला परत देता आली नाहीत.

आपल्या पहिल्या प्रश्नाविषयी. शाळेतील मुलांच्या तपासणीची कल्पना आपल्याकडे नवी नाही. हिंदुस्थानात शाळकरी मुलांची वैद्यकीय तपासणी प्रथम १९०९ साली बडोदे शहरात झाली, म्हणजे सयाजीराव महाराजांच्या राज्यात, जेथे मराठी माणसांचा राबता मोठा होता. म्हणजे तपासायचे कसे हे आपण शंभर वर्षांहून अधिक काळ जाणतो. अडते ते तपासणीनंतर. पथक वर्षातून एक दिवस येते आणि शिक्षण हक्क कायद्यातील निकषांप्रमाणे पहिली ते पाचवीची शाळा वर्षाला किमान २०० दिवस भरते. मुलाला एक दिवस पाहणाऱ्याने चिठ्ठी लिहायची आणि २०० दिवस पाहणाऱ्यांनी ती तडीस न्यायची, असेच मी या कामाचे वाटप मानतो. कागदोपत्री जबाबदारी कोणाचीही असो, मुलगा रोज डोळ्यांसमोर असतो तो शाळेच्या आणि घराच्या.

अधिकाराची चिंता आपण करू नये. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २१ नुसार शाळा व्यवस्थापन समितीतील किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक असावे लागतात आणि एकूण सदस्यांपैकी निम्म्या महिला असाव्या लागतात. शाळेच्या कामकाजावर देखरेख ठेवणे हे समितीचे कामच आहे. चिठ्ठ्यांचे काय झाले हे विचारणारा सदस्य अधिकाराबाहेर जात नाही. उलट न विचारणारी समिती आपले काम अर्धवट ठेवते.

मी शेवटच्या काही वर्षांत जे केले ते सांगतो. दोनशे पानी एक साधी वही घेतली आणि तिला आम्ही चिठ्ठ्यांची वही म्हणू लागलो. एका मुलाला एक पान. वर तपासणीची तारीख आणि काय आढळले ते, खाली घरी कोणाशी बोलणे झाले, दवाखान्यात कोणत्या तारखेला गेला, डॉक्टरांनी काय सांगितले, पुन्हा केव्हा बोलावले, हे ओळीने लिहायचे. ‘पालकांना कळवले’ या शब्दांवर पान बंद करायचे नाही, असा आम्ही नियम केला होता. मूल प्रत्यक्ष तपासले गेले आणि उपचार सुरू झाला, तरच पानावर मुख्याध्यापकाची सही होत असे. समितीच्या मासिक बैठकीत इतर कोणत्याही विषयाच्या आधी ही वही उघडायची आणि सही नसलेली पाने वाचायची. पहिल्या बैठकीत लोक कंटाळले. तिसऱ्या बैठकीपर्यंत सदस्य स्वतःच सांगू लागले की, अमक्याच्या नातवाला मी येत्या सोमवारी नेतो.

एक सावधगिरी मात्र बाळगावी. ती वही परिपाठाच्या वेळी मुलांसमोर उघडू नये आणि कोणाला काय दुखणे आहे हे सूचनाफलकावर लावू नये. खरूज, उवा, अंथरूण ओले होणे, झटके येणे अशा गोष्टी वर्गात उच्चारल्या गेल्या की त्या मुलाची शाळा सुटते. माझ्या पाहण्यात असे दोन वेळा झाले आहे.

उत्तर २ : आरोग्य पथकातील वैद्यकीय अधिकारी

नमस्कार. मी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या फिरत्या पथकात काम करते. हा कार्यक्रम २०१३ च्या फेब्रुवारीत आपल्याच राज्यात, पालघर येथून सुरू झाला. जन्मतः १८ वर्षांपर्यंतच्या मुलांमध्ये जन्मजात व्यंग, पोषणाची कमतरता, आजार आणि वाढ व विकासातील विलंब अशा चार गटांतील दोष लवकर शोधून त्यांवर मोफत उपचार करणे, हा त्याचा हेतू आहे. पथकात एक पुरुष व एक महिला असे दोन वैद्यकीय अधिकारी, एक औषधनिर्माता आणि एक परिचारिका असते. अंगणवाडीत आम्ही वर्षातून दोनदा जातो, शाळेत एकदा. त्यामुळे गुरुजींनी २०० दिवसांचे जे लिहिले आहे ते मला पूर्णपणे पटते. आम्ही एका मुलाला काही मिनिटे पाहतो.

चिठ्ठी म्हणजे निदान नव्हे, हे प्रथम पालकांना नीट समजावून सांगावे लागते. चिठ्ठी म्हणजे शंका. शंका खोटी ठरली तर आनंदच आहे. परंतु ती खरी की खोटी हे शाळेच्या व्हरांड्यात ठरत नाही. पालक दोन टोकांना जातात. काही जण घाबरून चिठ्ठी लपवतात आणि काही जण ‘पोरगं तर चांगलं खेळतंय’ म्हणून दुर्लक्ष करतात.

आपल्या अकरा चिठ्ठ्यांपैकी हृदयाची चिठ्ठी सर्वांत आधी घ्या, बैठकीचीही वाट पाहू नका. स्टेथोस्कोपने ऐकताना हृदयाच्या ठोक्यांबरोबर वेगळा आवाज आला की आम्ही चिठ्ठी देतो. या वयात असे कित्येक आवाज निरुपद्रवी असतात, हे आजींना आवर्जून सांगा. परंतु काही मुलांच्या हृदयाच्या पडद्याला जन्मतः छिद्र असते, आणि काहींना घसा दुखून, ताप येऊन, सांधे सुजून गेल्यानंतर हृदयाच्या झडपांवर परिणाम झालेला असतो. टूडी इको नावाच्या तपासणीत हे कळते. ती सोनोग्राफीसारखीच असते. सुई नाही, भूल नाही, दुखत नाही. मुलगी पळताना लवकर दमते का, खेळता खेळता मध्येच बसते का, वारंवार खोकला होतो का, रडताना ओठ किंवा नखे निळसर दिसतात का, वजन वाढते का, हे आजींना आणि वर्गशिक्षकांना विचारून एका कागदावर लिहा आणि तो कागद डॉक्टरांना दाखवा. आमच्या दृष्टीने त्या माहितीचे मोल फार आहे. यांपैकी ओठ निळे पडणे किंवा चालतानाही धाप लागणे दिसले, तर तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी न्या.

चिठ्ठीवर पथकाचा संपर्क असतो. पथकाला कळवले की जिल्हा रुग्णालयातील तपासणीची तारीख आम्ही ठरवून देऊ शकतो. जिल्ह्याच्या ठिकाणी अशा मुलांसाठी शीघ्र हस्तक्षेप केंद्र ही व्यवस्था असते. शस्त्रक्रिया लागली, तर या कार्यक्रमातून आणि महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून ती मोफत होऊ शकते. त्यासाठी रेशनकार्ड आणि आधारकार्ड लागते. दोन्हींवर मुलीचे नाव एकसारखे लिहिलेले आहे का, हे आजच पाहून ठेवा. नावातील एका वेलांटीपायी घरच्यांना दुसरी खेप घालावी लागल्याचे मी पाहिले आहे.

दुसऱ्या क्रमांकावर वाहते कान आणि अतिशय कमी वजनाचा मुलगा येतात. कान वाहणे हे गावात इतके सवयीचे झाले आहे की त्याला कोणी आजार मानत नाही. कानात तेल, दूध किंवा झाडपाल्याचा रस घालू नये आणि काडीने कोरू नये, एवढे सांगितले तरी बरेच नुकसान टळते. अंघोळ घालताना कानात पाणी जाऊ देऊ नये. त्या दोन मुलांना वर्गात पहिल्या ओळीत बसवावे आणि ज्या बाजूचा कान चांगला आहे ती बाजू शिक्षकांकडे येईल असे पाहावे. याला कोणत्याही चिठ्ठीची गरज नाही, ते उद्याच होऊ शकते. कमी वजनाच्या मुलाबाबत केवळ ‘खाऊ घाला’ असे सांगून भागत नाही. त्याला जुनाट खोकला, संध्याकाळचा ताप, वारंवार जुलाब आहेत का, घरात कोणाला क्षयरोग झाला होता का, हे विचारले पाहिजे.

डोळ्यांविषयी आपण स्वतः जे पाहिले तेच निदानाच्या अर्ध्या वाटेवर नेणारे आहे. जवळचे वाचतो आणि दूरचे दिसत नाही, हे लघुदृष्टीचे नेहमीचे लक्षण आहे. सहा मीटर, म्हणजे साधारण वीस फूट अंतरावर अक्षरांचा तक्ता लावून एकेक डोळा झाकून वाचायला सांगितले, की कोणत्या मुलाला पुढे पाठवायचे हे शिक्षकांनाही कळते. एकेक डोळा झाकणे यात फार महत्त्वाचे आहे. दोन्ही डोळे उघडे असताना चांगला डोळा अधू डोळ्याचे काम करून टाकतो आणि घरात कोणालाच काही कळत नाही. तशा अधू डोळ्याला लहानपणीच चष्मा व उपचार मिळाले नाहीत, तर तो आळशी राहतो आणि मोठेपणी चष्म्यानेही पूर्ण सुधारत नाही. सात-आठ वर्षांच्या आत उपचार सुरू झालेले बरे, म्हणूनच पहिली-दुसरीतील मुलांची चिठ्ठी मागे पडू देऊ नये. ग्रामीण रुग्णालयात नेत्र चिकित्सा अधिकारी कोणत्या वारी असतात हे आधी विचारून जावे. गरजू शाळकरी मुलांना अंधत्व नियंत्रण कार्यक्रमातून चष्मा मोफत मिळतो.

दात शेवटी लिहिले, म्हणून ते क्षुल्लक समजू नयेत. दाढ ठणकत असलेले मूल नीट चावत नाही, मग पोषण आहारातील डाळ आणि भाजी ताटातच राहते.

आता गुलाबी गोळी. पाच ते नऊ वर्षांच्या मुलांसाठी ती आठवड्यातून एकदा असते; तीत ४५ मिलिग्रॅम लोह आणि ४०० मायक्रोग्रॅम फॉलिक आम्ल असते. उपाशीपोटी दिली की मळमळते, पोट दुखते, आणि एकाला उलटी झाली की दहा जण गोळी टाकून देतात. आपल्या शाळेत गोळी केव्हा देतात हे पाहा. माझ्या अनुभवात ती बहुधा परिपाठानंतर दिली जाते, आणि कित्येक मुले सकाळी केवळ चहा पिऊन आलेली असतात. ती खिचडीच्या जेवणानंतर, शिक्षकांच्या समोर, पाण्याबरोबर गिळायला लावा. जेवणात लिंबाची फोड मिळाली तर लोह अंगी चांगले लागते. चहाने मात्र ते अडते. शौचाला काळसर होते, त्याने घाबरू नये, हे घरी आधीच सांगून ठेवा. ताप असलेल्या मुलाला त्या दिवशी देऊ नये. ही लोहाची गोळी आणि जंतनाशक गोळी या वेगळ्या आहेत. जंतनाशक दिनी मिळणारी अल्बेंडाझोल वर्षातून ठरावीक दिवशीच मिळते आणि ती चावून खायची असते.

एक विनंती आमच्या बाजूने. तपासणीला गैरहजर राहिलेल्या ९ मुलांची यादी पथकाला लेखी द्या. ऊसतोडणीच्या गावांतील तपासणी दसऱ्याच्या आधी ठेवावी, असे पत्र समितीने जूनमध्येच तालुका आरोग्य अधिकाऱ्यांना दिले, तर आमचा वर्षाचा फिरती आराखडा त्याप्रमाणे करता येतो. ज्यांना तपासणीची सर्वाधिक गरज आहे, तीच मुले हिवाळ्यात गावात नसतात. हे आम्हाला गाडीतून उतरल्यावर कळून उपयोग नसतो.

उत्तर ३ : द्विशिक्षकी शाळेतील शिक्षिका

वरील दोन्ही उत्तरांविषयी आदर ठेवून मला एक अडचण स्पष्टपणे मांडायची आहे. आमच्या शाळेत चार वर्ग आणि दोन शिक्षक आहेत. मुलांना घेऊन मी तालुक्याला गेले, तर उरलेले चारही वर्ग एकट्या सहकाऱ्यावर पडतात आणि त्याच दिवशी पोषण आहाराची नोंद, ऑनलाइन माहिती आणि एखादे प्रशिक्षणही असते. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २७ मध्ये जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक एवढ्याच कामांसाठी शिक्षकांना शाळेबाहेर घेता येते असे म्हटले आहे. प्रत्यक्षात कागदांची कामे त्याहून कितीतरी अधिक आहेत. ‘शिक्षकांनी न्यावे’ एवढेच म्हटले, तर चिठ्ठ्या पुन्हा कपाटात जातील, आणि तो दोष एकट्या शिक्षकाचा ठरणार नाही.

म्हणून नेण्याचे काम समितीतील पालकांनी पाळीपाळीने करावे आणि शाळेने वही, पत्र आणि फोन ही बाजू सांभाळावी, असे माझे मत आहे. आम्ही तसेच करतो. मात्र मुलाच्या घरचे कोणी बरोबर नसेल, तर त्यांची लेखी संमती घ्यावी, किमान दोन मोठी माणसे बरोबर असावीत आणि मुलींबरोबर एक बाई असलीच पाहिजे. कोणी कितीही विश्वासातले असले, तरी एका मुलाला एका परक्या माणसाबरोबर एकटे पाठवू नये. हा नियम सर्वांना सारखा लावला, की कोणाला अपमान वाटत नाही.

चष्म्याबद्दलही थोडे लिहिते. चष्मा मिळवणे सोपे आहे, तो मुलाच्या डोळ्यांवर टिकणे अवघड. पहिल्याच दिवशी चिडवले, की दुसऱ्या दिवशी चष्मा दप्तरात जातो आणि आठवड्याने फुटतो. कायद्याच्या कलम १७ ने शारीरिक शिक्षेबरोबर मानसिक छळालाही मनाई केली आहे, आणि मुलाच्या व्यंगावरून हाक मारणे हा छळच आहे, मग ती हाक मुलांनी मारलेली असो वा आपण. ज्या मुलाला ‘लक्ष देत नाही’ म्हणून दोन वर्षे ऐकावे लागले, त्याच्याशी वर्गशिक्षकांनी स्वतः एकांतात बोलावे, त्याला दिसत नव्हते हे आम्हाला कळायला हवे होते असे सांगावे, अशी माझी मनापासून विनंती आहे.

उत्तर ४ : आशा स्वयंसेविका

मी दहा वर्षे गावात आशा म्हणून काम करते. आजींविषयी माझा अनुभव सांगते.

आजी चिठ्ठी लपवत नाहीत, त्यांना निर्णय घेण्याची भीती वाटते. नात आपल्या भरवशावर सोडलेली आहे, तिला काही झाले तर लेकाला आणि सुनेला काय तोंड दाखवणार, हे त्यांच्या मनात असते. त्यामुळे केवळ त्यांनाच समजावत बसू नये. संध्याकाळी फडावरचे काम उरकल्यावर मुलीच्या आईवडिलांना फोन लावावा, आजींना शेजारी बसवून त्यांच्यासमोर बोलावे आणि ‘घेऊन जा’ हे शब्द मुलीच्या वडिलांच्या तोंडून आजींना ऐकवावेत. फोन लागत नसेल तर मुकादमाला निरोप द्यावा. पहिल्याच बोलण्यात ऑपरेशन हा शब्द काढू नये, कारण अजून ते ठरलेलेच नाही. ‘छातीचा फोटो काढायचा आहे, सुई नाही’ एवढेच सांगावे.

दुसरे, तारीख आठवडी बाजाराच्या दिवशी धरावी. त्या दिवशी लोक तालुक्याला जाणारच असतात, मजुरीचा वेगळा खाडा पडत नाही आणि जीपही मिळते. मात्र बाह्यरुग्ण विभाग सकाळी चालू असतो, म्हणून आधी दवाखाना आणि मग बाजार, असे निघतानाच बजावावे. माझ्या गावातील निम्म्या चिठ्ठ्या केवळ या एका गोष्टीने मार्गी लागल्या. गाडीभाड्याची अडचण असेल, तर ग्रामपंचायतीच्या स्वतःच्या उत्पन्नातील १० टक्के रक्कम महिला व बालकल्याणासाठी राखून ठेवावी लागते, तिच्यातून काही करता येईल का, हे ग्रामसभेत विचारावे.

मूळ प्रश्नकर्तीचे उत्तर, तीन आठवड्यांनंतर

आपण सर्वांनी इतक्या आस्थेने लिहिलेत, म्हणून काय झाले ते कळवणे माझे कर्तव्य आहे.

आशाताईंनी लिहिल्याप्रमाणे फोन लावला. मुलीचे वडील आधी गप्प राहिले, मग त्यांनी आजींना स्वतः सांगितले. आमच्या गावच्या आशाताई, आजी आणि मी अशा तिघी तिला घेऊन जिल्हा रुग्णालयात गेलो. टूडी इकोत हृदयाच्या पडद्याला लहान छिद्र असल्याचे आढळले. आत्ता शस्त्रक्रियेची गरज नाही, सहा महिन्यांनी पुन्हा दाखवावे, असे डॉक्टरांनी सांगितले. दातांत कीड असल्यास तिच्यावर लवकर उपचार करून घ्यावेत, तेथून जंतू रक्तात जाऊन हृदयाला त्रास होऊ शकतो, असेही ते म्हणाले. हे मला नवीन होते. आधारकार्डावर तिचे नाव खरोखरच वेगळे लिहिलेले निघाले, ते दुरुस्तीला दिले आहे.

डोळ्यांची तिन्ही मुले बाजाराच्या दिवशी जाऊन आली. एकाला काही दोष नव्हता. दुसरीतील मुलीचा एक डोळा अधू निघाला. तिला चांगल्या डोळ्यावर रोज काही तास पट्टी बांधायला सांगितले आहे, आणि ती शाळेत बांधायची की घरी, यावर तिच्या आईशी बोलणे चालू आहे. शिक्षिकाताईंचे उत्तर वाचल्यावर मला वाटते की घरीच बांधावी. तिसरीतील मुलाला चष्मा लागला. आमच्या गुरुजींनी त्याला वर्ग सुटल्यावर थांबवून घेतले होते. ते काय बोलले हे त्यांनी मला सांगितले नाही आणि मी विचारले नाही. तो आता दुसऱ्या ओळीत बसतो.

गोळी जेवणानंतर देणे सुरू केले आहे. पूर्वी ती खरोखरच परिपाठानंतर दिली जात होती. स्वयंपाक करणाऱ्या ताईंनी आपणहून त्या दिवशी लिंबे आणण्याचे कबूल केले आहे.

वही घातली आहे. अकरा पानांपैकी सहा पानांवर सही झाली आहे. हृदयाच्या पानावर सही करायची की नाही यावर बैठकीत चर्चा झाली, आणि सहा महिन्यांनंतरची तारीख लिहून ते पान उघडेच ठेवायचे ठरले. वाहत्या कानाची दोन्ही मुले तपासून झाली आहेत, एक पूर्वी दवाखान्यात जाऊन आलेल्या तिघांपैकी आणि एक नव्याने. कमी वजनाच्या मुलाची थुंकी तपासायला दिली असून अहवाल यायचा आहे. दातांच्या चौघांपैकी दोघे राहिले आहेत. त्यांपैकी एकाचे घरचे अजूनही नाही म्हणतात, दुधाचे दात आहेत, पडतीलच, असे त्यांचे म्हणणे आहे. त्यांना काय सांगावे, हे डॉक्टरताईंनी लिहिले तर येत्या गुरुवारच्या बाजाराआधी मी पुन्हा एकदा त्यांच्या घरी जाईन.

उत्तर ५ : आरोग्य पथकातील वैद्यकीय अधिकारी

ताई, त्यांना असे सांगा की पुढचे दुधाचे दात सहा-सात वर्षांपासून पडू लागतात, परंतु दुधाच्या दाढा साधारण दहा ते बारा वर्षांपर्यंत तोंडात राहतात. तिसरी-चौथीतील मुलाची दाढ किडली, तर त्याला अजून दोन-तीन वर्षे तिच्यावरच जेवायचे आहे. शिवाय सहाव्या वर्षाच्या सुमारास सर्वांत मागे जी दाढ येते, ती दुधाची नसून कायमची असते, आणि घरोघरी तिलाच दुधाची समजून सोडून देतात. मुलाला दिवसाउजेडी अंगणात उभे करून त्याच्या आईला ती दाढ बोटाने दाखवा. किडलेली दाढ तीच निघाली, तर गुरुवारीच आणा.